पहिल्या उत्तराचे मार्क

बाई, तुमच्या शोकसभेत वाचायचा ठराव मुख्याध्यापकांनी माझ्या हातात ठेवला आणि पहिल्याच ओळीला माझं डोकं फिरलं. ‘बाईंची प्राणज्योत अत्यंत शांतपणे मालवली.’ कोण शांतपणे? तुम्ही? दुसऱ्या कुणाचा ठराव चुकून इकडं आला की काय म्हणून मी वर नाव बघितलं. नाव तुमचंच होतं. खाली ‘मृदुभाषी’ असाही एक शब्द होता. तो वाचून मला त्या ऑफिसात सगळ्यांदेखत हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. शेवटी शिपायानं पाणी आणून दिलं.

मी तिथं होते, बाई. लातूरच्या दवाखान्यात, भर दुपारी, तुमच्या खाटेच्या कडेला. तुमचा लेक बसवराज औषधं आणायला खाली गेला होता आणि तुम्ही माझ्याशी भांडत होतात. जायच्या वेळी माणसं देवाचं नाव घेतात, लेकराबाळांना जवळ बोलावतात. तुम्ही माझ्यावर बोट रोखलं होतं. तेही दहावीतल्या एका प्रश्नावरनं! त्या प्रश्नाला आता इतकी वर्षं झाली की माझी लेक डॉक्टर झाली. आणि म्हणे शांतपणे.

‘आठवतं का’ म्हणून तुम्हाला विचारत नाही. विसरणाऱ्यातल्या तुम्ही नव्हताच. मीच पुन्हा सगळं सांगणार आहे, कारण भांडण अजून मिटलेलं नाही आणि तुम्ही मधेच उठून गेलात.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं होतं. जिल्हा आला, पाणी काही आलं नाही. आमच्या जळकोटकडच्या गावात विहिरी तळाला गेल्या होत्या. सरकारनं बोअर मारली, तिचं पाणी इतकं जड की डाळ शिजता शिजेना. आमच्या बौद्धवाड्यात टँकर सगळ्यांत शेवटी यायचा आणि येईतो त्यात गाळच उरलेला असायचा. माझी माय रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. संध्याकाळी हाताला साबण घासायची तर फेस न्हाईच, नुसता पांढरा साका. साबणच खोटा निघाला म्हणून ती दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरायची.

तुम्ही वर्गात सांगितलंत, दुकानदार निर्दोष आहे. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आहे, ते साबणाला धरून ठेवतं आणि त्याचा साका होतो. पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. मी घरी जाऊन मायला हे सांगितलं. ती म्हणाली, बाईला म्हणावं नाव कळलं, आता पाणी दे.

तुम्ही पाणी देऊ शकत नव्हता, पण साबण दिलात. उदगीरच्या लिंगायत तेलव्यापाऱ्याच्या घरातल्या तुम्ही. भावाच्या गिरणीतनं करडीचं तेल घेऊन आलात, कॉस्टिक सोडा आणलात, आणि वर्गातच पातेल्यात साबण करायला घेतलात. ‘हात लावाल तर कातडं सोलून निघेल, अव्वा,’ असं म्हणत ढवळायचा दांडा तुम्ही माझ्याच हातात दिलात. मुद्दाम दिलात, हे मला नंतर कळलं. पिवळसर, ओबडधोबड वड्या झाल्या. चांगल्या वाळल्यावर तुम्ही सगळ्यांना एकेक तुकडा दिलात. एका मुलीच्या आजीनं तो घरात घेतला नाही, कारण पातेलं बौद्धवाड्यातल्या पोरीनं ढवळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी तुकडा कागदात गुंडाळून परत घेऊन आली. तुम्ही तो तिच्या हातातनं घेतलात. वर्गाबाहेरच्या रांजणावर गेलात, त्याच तुकड्यानं खसाखसा तोंड धुतलंत, कपाळावरची विभूती सुद्धा पुसली गेली, आणि तशाच ओल्या तोंडानं येऊन फळ्यावर कार्बनचा अणू काढलात. कार्बनला चार हात असतात, तुम्ही म्हणालात, आणि कुणाचा हात धरायचा हे तो गावाला विचारून ठरवत नाही. त्या आजीची नात मान खाली घालून बसली होती. मी मात्र ताठ बसले होते, बाई. त्या दिवसापासून मी वर्गात कधी वाकून बसले नाही.

मग आली प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक आले. दोन परीक्षानळ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत ऊर्ध्वपातित. ऊर्ध्वपातित म्हणजे तेच, बॅटरीत घालतात ते. तुम्ही गॅरेजवाल्याकडनं सीलबंद बाटली मागवली होती. दोन्हींत साबणाचा कीस टाकायचा, हलवायचं, आणि दिसेल ते निरीक्षणात लिहायचं. पहिल्या नळीत साका, दुसरीत भरपूर फेस. उत्तर आम्हाला पाठ होतं. झोपेतनं उठवलं असतं तरी सांगितलं असतं.

मी हलवलं. दुसऱ्या नळीत फेस आला नाही. शेजारच्या मुलीनं हलवलं, तिच्याही नळीत नाही. सगळ्या मुली हलवून हलवून दमल्या. दोन्हीकडं पांढरा साका. परीक्षक म्हणाले, वेळ घालवू नका, पुस्तकात आहे ते लिहून मोकळ्या व्हा. आम्ही तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात. तुम्ही म्हणालात,

‘जे दिसलं ते लिहा.’

परीक्षक तुमच्यावर डाफरले. तुम्ही हाताची घडी घातलीत आणि तेच वाक्य पुन्हा म्हणालात. आणि आम्ही, येडपट पोरी, तेच लिहिलं. दोन्ही नळ्यांत फेस आला नाही. परीक्षकांनी सगळ्यांच्या उत्तरावर लाल फुली मारली आणि खाली भोपळा काढला.

तुम्हाला ती एक फुली होती, बाई. मला ती फुली नव्हती. माझं विज्ञान कसंबसं काठावर होतं. पास झाली तर पुढं शिकवू, नाहीतर लगीन, असं मायनं भावकीत सांगून टाकलं होतं. देवणीकडचं एक स्थळ दाराशी येऊन बसलंच होतं, त्यांची बैलजोडी नावाजलेली होती आणि मुलगा बैलांपेक्षा जरासाच हुशार. माय खडीवरनं तशीच धुळीनं माखलेली शाळेत आली. बाई, तुमच्या खऱ्यापायी माझ्या लेकीचं वाटोळं झालं, असं तुमच्या तोंडावर म्हणाली. खोटं लिहिली असती तर तुमच्या बापाचं काय जात होतं, असंही म्हणाली. मी मागं उभी होते. मलाही तेच म्हणायचं होतं.

तुम्ही मायला खुर्ची दिलीत. ती बसली नाही. तुम्ही म्हणालात, उद्या पोरीला माझ्यासोबत लातूरला पाठवा.

एसटीत तुम्ही खिडकीपाशी, मांडीवर पिशवी. पिशवीत ती बॅटरीच्या पाण्याची बाटली, दोन नळ्या आणि आपल्याच साबणाची वडी. नव्या जिल्ह्याची शिक्षणखात्याची कचेरी भाड्याच्या इमारतीत होती. टेबलांना नव्या पॉलिशचा वास, दारावर पाटी लिहून झाली होती पण रंग ओला, त्याला हात लागून माझी बोटं निळी झाली. साहेब चांगला माणूस होता, पण घाईत होता. अर्ज ठेवून जा, बघू, म्हणाला. तुम्ही अर्ज आणलाच नव्हता. तुम्ही त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचललात, त्याला न विचारता, आणि नळीत ओतलात. साबण किसलात. नळी माझ्या हातात दिलीत. हलव म्हणालात. मी हलवली. साका. मग बाटलीतलं पाणी दुसऱ्या नळीत. मी हलवली. साका.

साहेबानं चष्मा लावून बघितलं. म्हणाला, ‘बाई, मग या बाटलीतलं पाणीच खोटं आहे की.’

‘मुलींनी तेच लिहिलंय, साहेब.’

त्या क्षणी तुमच्याबद्दल मला काय वाटलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते. मला वाटलं, ही बाई माझी माय का नाही. आणि लगेच मला मायची इतकी दया आली की मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

गॅरेजवाल्याचं नंतर कळलं. दुष्काळात त्याचा माल आला नाही, तर पठ्ठ्यानं रिकाम्या बाटल्यांत बोअरचंच पाणी भरून वरनं सील लावलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार, असं म्हणून तो वर हसलाही. पण बॅटरीवाल्यांना जे कळलं नाही ते साबणाच्या किसाला कळलं होतं, आणि आमच्या निरीक्षणात लिहिलेलं होतं. आम्ही चुकलो नव्हतो. आम्ही चोरी पकडली होती!

साहेबानं फेरपरीक्षा लावली. उदगीरच्या कॉलेजातनं खरं ऊर्ध्वपातित पाणी आलं. आम्ही नळी हलवली आणि बाई, काय फेस आला! तोंडापर्यंत चढला. दुष्काळात इतका फेस आम्ही बघितलाच नव्हता, एका पोरीनं तर तो गालाला लावला. आम्ही पुस्तकातलं उत्तर लिहिलं, मार्क मिळाले, मी पास झाले, देवणीचं स्थळ बैल हाकत परत गेलं. मायनं उधळून साखर वाटली आणि तुमच्याही हातावर ठेवली.

तुम्ही ती खाल्ली नाहीत. मुठीत धरून ठेवलीत. म्हणालात, पहिल्या उत्तराला मार्क दिले न्हाईत त्यांनी.

तिथनं आपलं भांडण सुरू झालं ते परवापर्यंत. मी म्हणायची, बाई, मार्क मिळाल्याशी मतलब. तुम्ही म्हणायच्या, पहिलंच उत्तर बरोबर होतं, ते खोडलं ते खोडलंच, वरनं दुसरा पेपर देऊन त्यांनी आपल्या तोंडाला पानं पुसली. मी म्हणायची, त्या दुसऱ्या पेपरानं माझं लगीन टळलं. तुम्ही म्हणायच्या, हाव, टळलं, पण खरं लिहिणारी पोरगी नापासच राहिली.

पुढं मी लातूरलाच आले, रसायनशास्त्र घेतलं, क्लासमध्ये शिकवायला लागले. डाळमिलच्या मागल्या गल्लीत, पत्र्याखाली, बाकांत बाक घुसवून मुलं बसायची. आता काचेची इमारत आहे. तुम्ही एकदा कुणाच्या तरी लग्नाला लातुरात आलात आणि सरळ माझ्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसलात. मी साबणाचाच धडा उरकत होते, लांब कार्बनसाखळी, एक टोक पाण्याकडं ओढणारं, एक तेलाकडं, मळ कसा निघतो, पुढचा मुद्दा. तास संपल्यावर तुम्ही विचारलंत, फेस दाखवलास का? मी म्हणाले, बाई, सिलॅबस संपवायचाय. तुम्ही नाक मुरडलंत आणि चहा न घेता निघून गेलात.

याची मला लाज नाही, बाई. आजही नाही. शेतमजुरांची, ऑटोवाल्यांची पोरं माझ्या हाताखालनं डॉक्टर झाली, आणि ती दिसलं ते लिहून झाली नाहीत, विचारलं ते लिहून झाली. तुमचं खरं दरवेळी लातूरला एसटीनं घेऊन जायला तुमच्यासारखी बाई लागते. ती प्रत्येकाच्या नशिबी कुठनं यायची? हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलंय आणि पुन्हा सांगते.

मधल्या एका उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सगळा देश आमच्याकडं बघत होता. मला वाटलं तुमचा फोन येईल, पोरी कशी हायेस, पाणी मिळतंय का विचाराल. फोन आला. ‘त्या पाण्याला फेस येतो का बघ.’ मी मोरीत जाऊन बघितलं आणि फोन करून सांगितलं, येतो. तुम्ही विचारलंत, वर्गात बघितलंस का घरी? मी म्हणाले, घरी. तुम्ही फोन ठेवून दिलात. रागानं मी दिवसभर चरफडत होते. मग हसूही आलं.

आणि दवाखान्यात काय झालं ते मी आता लिहिते, कारण मी बघितलंय. नर्सबाई आली, आजी, बरं वाटतंय ना, म्हणाली. तुम्ही म्हणालात, मला दम लागून राहिलाय, दम लागतो म्हणून लिही तुझ्या कागदावर. तिनं निमूट लिहिलं. मग मी भांड्यात पाणी आणून तुमचे हात धुतले. साबणाचा खूप फेस आला. तुम्ही तो बोटांनी वर उचलून बघत बसलात, त्या फेस गालाला लावणाऱ्या पोरीसारखं. आणि म्हणालात,

‘शालू, पहिलं उत्तर बरोबर होतं.’

‘बरोबरच होतं, बाई. पण मार्क दुसऱ्याला मिळाले.’

तुमच्या भुवया जवळ आल्या. फेसानं माखलेलं बोट माझ्यावर रोखलंत. ‘तू...’ म्हणालात. त्याच्यापुढं तुम्हाला दम पुरला नाही. नर्सबाईनं मला बाहेर काढलं. तुमच्या बोटाचा फेस माझ्या मनगटावर होता, तो वाळेस्तोवर मी दारात उभी होते.

‘तू’ काय, बाई? तू हट्टी आहेस? तू शिकली नाहीस काहीच? तू माझी आहेस? मी सगळी वाक्यं जुळवून बघितली. एकही जुळत नाही. आणि मी मनानं एखादं गोड वाक्य तिथं लिहिणार नाही. तुम्हीच तसं शिकवलंय.

उदगीरला तुम्हाला बसवून, कपाळाला विभूती लावून, तुमच्या रीतीनं मातीत ठेवलं. बसवराजनं मला पुढं बोलावून माती द्यायला सांगितलं. मागं एकदा तुम्ही म्हणाला होतात, तुम्ही लोक जाळता, तुमचा कार्बन हवेतनं जातो, आम्ही पुरतो, आमचा मातीतनं जातो, पण दोघींचा शेवटी कुणाच्या तरी ज्वारीतच येणार. तेव्हा मी हसले होते. परवा मूठ सोडवत नव्हती. तुमच्या भुवया तशाच जवळ आलेल्या होत्या, ते सगळ्यांनी बघितलं.

तर शोकसभा. त्या जुन्याच शाळेत, आमच्याच वर्गात. गावकरी, जुने विद्यार्थी, समोर सतरंजीवर आताच्या मुली. मी बसवराजला बाजूला घेतलं, म्हणाले, दादा, हे ‘शांतपणे’ मी वाचणार नाही. तो म्हणाला, ताई, सगळेच असं लिहितात, मी तिथं नव्हतो, मला बरं वाटावं म्हणून तरी वाचा. त्याचं पण खरं होतं. त्याच्या डोळ्यांकडं बघून मी क्षणभर कागद तसाच वाचायला निघालेही होते. मग त्यानंच विचारलं, अगदी हळू, ‘खरं काय झालं होतं?’

मी सांगितलं. फेस, बोट, ‘तू’, सगळं. तो ऐकत राहिला. मग तोंडावर हात धरून तो हसला, ते हसणं हुंदक्यापर्यंत गेलं, आणि म्हणाला, हे आईच आहे. माझ्या हातातला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं आणि ‘अत्यंत शांतपणे’ खोडलं. ‘मृदुभाषी’ही खोडलं, ते मी सांगायच्या आधीच.

मी वाचलं, बाई गेल्या तेव्हा भांडत होत्या. सभेत कुजबूज झाली. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला. मागं बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणी, आता आज्या झालेल्या, त्यांनी टाळ्याच वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मग मी त्या मुलींना तुमचा प्रश्न सांगितला, दोन नळ्या, खोटी बाटली, लाल फुली. आणि तुमच्या वतीनं, कुणाची परवानगी न घेता, फळ्यावर आमच्या पहिल्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले. घ्या. दिले.

मग सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणे. तुमच्यासाठी! सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. मी मान ताठ ठेवली आणि ओठातल्या ओठात तुम्हाला म्हणाले, पहिल्याला आज मिळाले, पण तेव्हा मार्क दुसऱ्यालाच मिळाले होते, बाई. आता बोला.